डिपॉझिट देण्याआधी करार वाचा : कोल्हापुरात भाड्याने राहणाऱ्या तरुणांसाठी

जून उजाडला की कोल्हापुरात राजारामपुरी, सागरमाळ, शाहूपुरी आणि शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात खांबाखांबांवर चिठ्ठ्या झळकू लागतात. 'वन बीएचके भाड्याने देणे आहे, फक्त ८,०००.' गडहिंग्लज, शाहूवाडी, राधानगरी, शेजारच्या सांगली आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मुले-मुली तो नंबर फिरवतात. महिनाभराने कळते की आठ हजारांचे घर आठ हजारांत पडलेलेच नाही. अकरा महिन्यांनी घर सोडताना डिपॉझिट अर्धेच हातात येते आणि मग वाद सुरू होतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण हातात कागद नसतो.

हा वाद कुठे सुरू होतो, त्यात कायदा कोणाच्या बाजूने किती उभा आहे आणि आपण आधीच काय करू शकतो, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

चिठ्ठीवरचा आकडा आणि खिशातून गेलेला आकडा

समजा, दोन मैत्रिणींनी मिळून महिना ८,००० रुपये भाड्याचा फ्लॅट घेतला. डिपॉझिट ३०,०००. एजंटाची दलाली एक महिन्याचे भाडे, म्हणजे ८,०००. 'कराराचा खर्च' म्हणून ४,०००. सामान वर चढवण्याआधी अपार्टमेंटच्या सेक्रेटरींनी 'शिफ्टिंग चार्ज' म्हणून २,००० घेतले. पहिल्या महिन्यात समजले की मेंटेनन्सचे १,०००, 'भाडेकरू चार्ज' ५०० आणि पाण्याचे ३०० वेगळे.

आता हिशेब मांडा. दरमहा ९,८०० रुपये. दरमहाचे जादा १,८०० धरले तर अकरा महिन्यांत १९,८००. त्यात दलाली, कराराचा खर्च आणि शिफ्टिंग चार्ज मिळवले की भाड्याच्या ८८,००० रुपयांवर ३३,८०० रुपये जास्त गेले. शेवटी रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधून कापलेली रक्कम वेगळीच. यातला एकही आकडा चिठ्ठीवर नव्हता.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण भाड्याने राहिलेल्या कोणालाही त्यांची रचना ओळखीची वाटेल. भाडे कमी दाखवायचे आणि उरलेले 'चार्ज'मधून काढायचे. प्रत्येक रक्कम इतकी लहान असते की तिच्यासाठी भांडावेसे वाटत नाही.

आपली मुले विचारत का नाहीत?

कायदा माहीत नसतो हे एक कारण. दुसरे कारण आपल्याला जास्त जवळचे आहे. घर बघायला गेल्यावर भाड्याआधी प्रश्न येतो, 'आडनाव काय?' मग 'गाव कुठलं?' आणि मग 'व्हेज की नॉनव्हेज?' तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात हा तिसरा प्रश्न जेवणापुरता असतो, असे समजण्याचे कारण नाही. चार ठिकाणी 'कालच गेला फ्लॅट' असे ऐकल्यावर पाचव्या ठिकाणी कोणी 'हो' म्हणाले, की मुलगा सुटकेचा श्वास टाकतो. अशा वेळी पावती मागायची, करार वाचायला दोन दिवस मागायचे, 'भाडेकरू चार्ज' कशाचा हे विचारायचे, तर मालक बिथरेल ही भीती असते. नकाराची भीती जिथे जास्त, तिथे फसवणूक सोपी होते.

हा अनुभव नवा नाही. १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशी शिक्षण घेतलेल्या माणसाला केवळ जातीमुळे छप्पर नाकारले गेले. शंभर वर्षांनी चित्र किती बदलले? सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घर मिळण्यात जात आणि धर्म आडवे येतात, हेच त्यातून दिसले. ज्यांना घर मिळाले, त्यांनाही अनेकदा जादा भाडे किंवा जाचक अटी स्वीकाराव्या लागल्या.

म्हणून भाड्यातल्या फसवणुकीचा आणि भेदभावाचा प्रश्न आपल्यासाठी एकमेकांत गुंतलेला आहे. पहिल्याचा बंदोबस्त कागदाने होऊ शकतो. त्यासाठी आधी कागद ओळखायला हवा.

आपण 'भाडेकरू' आहोत की 'परवानाधारक'?

बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. आज शहरात बहुतेक फ्लॅट 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिले जातात. या करारात मालक ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याची परवानगी देतो. जागेत आपला भाडेकरू म्हणून हक्क निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ भाडेकरूला जे संरक्षण देतो, त्यातले बरेचसे परवानाधारकाला मिळत नाही.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, या कायद्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जागेचा ताबा मागू शकतो आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट दराने रक्कम भरावी लागू शकते. दोन, त्याच कलमानुसार लेखी लायसन्स करारात जे लिहिले आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे 'मालक तोंडी असे म्हणाले होते' हे पुढे टिकत नाही. जे बोलणे झाले ते करारात आले पाहिजे.

अकरा महिन्यांचा नोटरी करार पुरेसा नाही

एक गैरसमज सर्वत्र आहे. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झाले. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सवलत आहे, त्यावरून हा समज पसरला. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ लागू होते. ते सांगते की जागा भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर देण्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, मुदत कितीही असो.

नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या दृष्टीने यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार समोरच्यावर असतो. 'करार नाही म्हणजे तुझा काही हक्क नाही' असे कोणी दरडावले, तर कायदा याच्या उलट सांगतो.

नोंदणीला खर्च किती? मुद्रांक शुल्क एकूण मुदतीच्या भाड्यावर ०.२५ टक्के. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के व्याज धरून ती रक्कमही भाड्यात मिळवतात. वरच्या उदाहरणात भाडे ८८,००० आणि व्याजाचे २,७५०, मिळून ९०,७५०. त्यावर मुद्रांक सुमारे २२७ रुपये. महानगरपालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. दोन्ही मिळून दीड हजाराच्या आत. ऑनलाइन नोंदणीची सोय आहे. त्यात थोडा हाताळणी खर्च वाढतो आणि एजंट त्याची मजुरी लावतो. पण कोणी 'सरकारी खर्चच चार हजार' म्हणत असेल, तर सरकारी चलनाची प्रत मागा.

नोंदणीकृत कराराचा आणखी एक उपयोग आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाज कल्याण विभागाची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात निवासासाठीही रक्कम मिळते. अर्ज करताना आपण भाड्याने राहतो याचा कागद लागतो. करारच नसेल तर खरोखर भाडे भरणारा विद्यार्थीही अडचणीत येतो.

कोणता खर्च कोणाचा?

भाडेकरू चार्ज : अपार्टमेंट ही नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर सभासद स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्यावर मर्यादा घातली आहे. महापालिकेचे कर वगळून जे सेवाशुल्क आहे, त्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क १,२०० असेल तर हे शुल्क १२० रुपये. शिवाय ते सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून घ्यायचे असते. मुंबई उच्च न्यायालयानेही ही मर्यादा उचलून धरली आहे. आपल्या करारात 'हे शुल्क भाडेकरू भरेल' असे लिहून आपण सही केली, तर मात्र तो आपला आणि मालकाचा व्यवहार होतो. म्हणून सही करण्याआधी हे वाक्य शोधा.

मेंटेनन्स : तो मालकाने भरायचा की राहणाऱ्याने, हे करारावर अवलंबून असते. 'मेंटेनन्ससह भाडे ८,०००' की 'मेंटेनन्स वगळून', हे शब्द करारात हवेत. संस्थेच्या बिलाची प्रत मागा. बिल ६०० चे आणि मागणी १,००० ची, असे असेल तर तिथेच उघड होते.

सोसायटी की अपार्टमेंट : आपल्याकडे कोणत्याही इमारतीला अपार्टमेंट म्हणतात. कायद्यात फरक आहे. सहकारी संस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली येते. फ्लॅटधारकांची असोसिएशन १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली येते आणि तिचे नियम घोषणापत्रात आणि उपविधींत असतात. वरची १० टक्क्यांची मर्यादा सहकारी संस्थांसाठी आहे. पैसे मागणाऱ्याला विचारा, 'ही नोंदणीकृत सोसायटी आहे की असोसिएशन? कोणत्या ठरावाने ही रक्कम घेता? पावती मिळेल ना?' पावती द्यायची तयारी नसलेली रक्कम बहुधा नियमात बसणारी नसते.

जीएसटी : काही खासगी हॉस्टेल आणि पीजीवाले बिलात जीएसटी लावतात. जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि किमान सलग ९० दिवसांच्या मुक्कामाला त्यातून सूट आहे. कोल्हापुरात बहुतेक विद्यार्थी या सुटीत बसतात.

डिपॉझिट : केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवली आहे. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे डिपॉझिट किती हे घासाघिशीवर ठरते. निदान तीन गोष्टी लिहून घ्या : किती दिवसांत परत मिळेल, कोणत्या नुकसानीपोटी कापले जाईल आणि रंगकामाचा खर्च कोणाचा.

लॉक-इन : 'सहा महिन्यांआधी सोडल्यास डिपॉझिट परत मिळणार नाही' अशी ओळ अनेक करारांत असते. परीक्षा, बदली किंवा आजारपणामुळे मध्येच गावी जावे लागणाऱ्यांनी ही ओळ सहीआधी बदलून घ्यावी. एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी असावी.

वीज-पाणी तोडले, कुलूप बदलले तर?

वाद झाला की काही ठिकाणी पाण्याचा कॉक बंद होतो, लिफ्ट वापरू देत नाहीत, दाराला दुसरे कुलूप लागते. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार मालकाला पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट किंवा स्वच्छतेची सेवा बंद करता येत नाही. न्यायालय ती सुरू करण्याचा आदेश देऊ शकते आणि शिक्षेचीही तरतूद आहे.

परवानाधारकासाठी आधार वेगळा आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार परवाना रद्द झाला तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. मोबदला देऊन घेतलेल्या परवान्यात, आपली चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढले, तर भरपाई मागता येते. सामान रस्त्यावर फेकणे, धमकावणे, मुलींच्या खोलीत न विचारता शिरणे याबद्दल पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. 'हे दिवाणी प्रकरण आहे' असे सांगून परत पाठवले, तर तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

पैसे देण्याआधीची पाच कामे

१. घर स्वतः पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. फोटो पाठवून, 'मी बाहेरगावी आहे, क्यूआर स्कॅन करा' म्हणणारे अनेकदा मालक नसतातच. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

२. समोरचा माणूस मालक आहे का ते तपासा. घरफाळ्याची पावती आणि महावितरणचे बिल बघायला मागा. नाव वेगळे असेल तर अधिकारपत्र मागा.

३. सर्व रकमांची यादी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. 'आपले बोलणे झाले त्याप्रमाणे भाडे इतके, मेंटेनन्स इतका, बाकी काही नाही. बरोबर ना?' त्याचे 'हो' हा पुढे पुरावा होतो. भांडण न करता विचारायचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

४. डिपॉझिट रोख देऊ नका. बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि कशाचे पैसे ते तिथे लिहा. दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही, म्हणून तोही आधी लिहून घ्या आणि पावती घ्या.

५. राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, पंखे आणि मीटरचे रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. सोडतानाही तसेच करा.

हे नियम दोन्ही बाजूंना लागू आहेत. भाडे वेळेवर देणे, ठरल्यापेक्षा जास्त माणसे न ठेवणे, मुदत संपली की जागा सोडणे ही आपली बाजू आहे. कागद नीट असला तर प्रामाणिक मालकालाही दिलासा मिळतो.

वाद झाला तर जायचे कुठे?

पहिले पाऊल लेखी मागणीचे. किती रक्कम, कशाची, किती दिवसांत हवी ते लिहून स्पीड पोस्टाने पाठवा. अनेक प्रकरणे इथेच मिटतात.

मिटले नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने दिला आहे. कोल्हापुरात कसबा बावडा येथील न्यायसंकुलात चौकशी करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. दावा दाखल करण्याआधीच लोकअदालतीत तडजोड मागता येते. दहा-वीस हजारांच्या डिपॉझिटसाठी हा रस्ता वर्षानुवर्षांच्या दाव्यापेक्षा बरा.

सोसायटी नियमाबाहेर शुल्क घेत असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार होते. भाड्याने राहणारा सभासद नसल्यामुळे ती मालकाने करणे सोयीचे पडते. जेवण, सफाई, वायफाय अशा सेवा देण्याच्या जाहिरातीवर पैसे घेऊन पीजीने त्या दिल्या नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही कोल्हापुरात आहे. प्रकरण तिथवर गेलेच तर मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

जातीमुळे नकार मिळाला तर

इथे खरे बोलले पाहिजे. खासगी मालकाने जातीमुळे घर नाकारणे हा थेट गुन्हा, असे भाड्याच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले नाही. मालक कारण सांगत नाही आणि पुरावा राहत नाही. मात्र लोकांसमोर जातिवाचक अपमान, किंवा इमारतीतल्यांनी ठरवून टाकलेला सामाजिक बहिष्कार, यांवर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. मेसेज, कॉलची तारीख, सोबत असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा. तक्रार आज करायची नसली, तरी नोंद राहू द्या.

शाहूंच्या शहरात आपण काय करू शकतो?

खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा मिळाली नाही तर त्याचे शिक्षण तिथेच थांबते, हे शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. आज वसतिगृहांच्या जागा अपुऱ्या पडतात आणि उरलेली मुले भाड्याच्या बाजारात उतरतात. तिथे त्यांना एकटे सोडायचे की नाही, हे आपल्या हातात आहे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक विहारात जून-जुलैचे चार रविवार दोन तास एक टेबल लावा. तिथे एक वकील किंवा कायद्याचा विद्यार्थी बसेल आणि सहीआधी करार वाचून देईल. एका वहीत चांगल्या मालकांचे पत्ते आणि भाडे नोंदवा. घर बघायला जाताना नव्या मुलासोबत एक मोठा माणूस पाठवा. दोघे समोर बसले की 'चार्ज' आपोआप कमी होतात, हा अनेकांचा अनुभव आहे.

पाचव्या दारावर 'हो' ऐकून सुटकेचा श्वास टाकणाऱ्या त्या मुलाला एवढेच माहीत असायला हवे की करार वाचायला दोन दिवस मागणे हा उद्धटपणा नाही, आणि हे दार बंद झाले तर सहावे शोधायला त्याच्यासोबत माणसे आहेत.